प्रश्नोत्तरे : विजेची लाइन न पोहोचलेले रानातील घर

जावळी आणि पाटण तालुक्यांतून, तसेच महाबळेश्वरच्या खालच्या खोऱ्यांतून या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे रानातील घरांविषयी आहेत. कोणाचे वडिलोपार्जित घर वर्षातून चार-सहा वेळा उघडते, तर कोणी निवृत्तीनंतर तेथेच मुक्काम हलवण्याच्या विचारात आहे. जवळजवळ प्रत्येकाने आधी सौर विजेविषयी विचारले आहे. उत्तरांचा क्रम मात्र मी बदलला आहे. ज्या मुलखात चार महिने पाणी घराबाहेर ठेवण्यासाठी झगडावे लागते आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यासाठी वणवण होते, तेथे छप्पर आणि पाणी यांची नीट व्यवस्था होईपर्यंत बॅटरीवर पैसा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : बामणोलीजवळ शिवसागर जलाशयाच्या काठच्या उतारावर आमचे आजोबांच्या वेळचे कौलारू घर आहे. भिंती दगडमातीच्या असून मागची पडवी कारवीच्या कुडाची आहे. दर मे महिन्यात फुटकी कौले बदलतो, तरीही जुलैमध्ये माजघर गळतेच. आता सगळ्या छपरावर पत्रा टाकावा, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. तो टाकावा का?
— एक वाचक, मेढा

उत्तर : पत्र्याचा निर्णय तूर्त बाजूला ठेवा आणि आधी गळतीचे मूळ शोधा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर सातारा शहरात त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. तुमचे घर या दोहोंपैकी पहिल्या मुलखाला जवळचे आहे, त्यामुळे शहरातील गवंड्याचा अंदाज तेथे उपयोगी पडेलच असे नाही. फुटलेले कौल डोळ्यांना दिसते आणि बदललेही जाते. खरा दोष बहुधा त्याखालच्या लाकडात असतो. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने एखादा वासा मध्येच खाली बसला की त्यावरच्या रिपा वाकतात आणि मंगलोरी कौलांच्या एकमेकांत अडकणाऱ्या खाचा बोटभर उघडतात. पश्चिमेचा वारा पावसाला उतारावरून वर ढकलतो आणि नेमक्या त्या फटीतून पाणी आत शिरते. असे कौल अखंड असते, म्हणून मे महिन्यात तपासणाऱ्याच्या नजरेतून ते सुटते.

यासाठी तपासणी भर पावसातच करावी लागते. विजेरी घेऊन आतून माळ्यावर चढा. थेंब खाली जमिनीवर जेथे पडतो त्या जागेच्या नेमके वर भोक असेलच, असे गृहीत धरू नका, कारण पाणी वाशाच्या खालच्या कडेने हात-दोन हात सरकत येते आणि गाठ किंवा खिळा आडवा आला की तेथे सुटते. ओली रेघ आढ्याच्या दिशेने जेथवर दिसेल तेथवर नजर न्या आणि तिच्या वरच्या टोकाशी रिपेवर गेरूने खूण करा. खडू ओल्या लाकडावर टिकत नाही. दिवाळीनंतर लाकूड वाळू लागले की आढ्यापासून वळचणीपर्यंत प्रत्येक वाशालगत दोरी ताणून धरा, म्हणजे कोणता वासा किती बसला आहे ते कळेल. वळचणीकडील टोके टोच्याने टोचून पाहा. टोचा सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे, असे समजावे. मात्र त्यासाठी अख्खा वासा काढण्याची गरज नसते. चांगल्या भागाला लागून दुसरे पक्के लाकूड बोल्टने जोडले तर काम भागते आणि खर्चही आटोक्यात राहतो. शाकारणी, म्हणजे कौले उतरवून पुन्हा नीट बसवण्याचे काम, मार्च-एप्रिलमध्ये उरकावी. मे महिन्यात वळवाचा भरवसा नसतो आणि तेव्हा छपरावर चढणारी माणसेही मिळत नाहीत.

पत्रा घालायचाच असेल तर घाला, पण कौलांखाली ताडपत्री अंथरून वेळ मारून नेऊ नका. वाशांना चिकटलेली ताडपत्री ओल कोंडून धरते आणि दोन-चार पावसाळ्यांत रिपा कुजवते. पश्चिमेच्या भिंतीवर झड बसत असेल तर पावसाआधी तट्टे बांधण्याची जुनी रीत आजही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची आहे. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह मात्र टाळावा. त्याला बारीक चिरा पडतात, त्यांतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि भिंत आतल्या आत फुगते.

आणखी एक गोष्ट पत्रात ओझरती आली आहे, पण तीच मला महत्त्वाची वाटते. घर जून ते सप्टेंबर बंद असते, असे तुम्ही लिहिता. पूर्वी या घरांत रोज चूल पेटत असे, धूर आणि ऊब माळ्यापर्यंत पोहोचत असे, त्यामुळे लाकूड कोरडे राही आणि किडीलाही आळा बसे. शेजारच्या वाडीतील विश्वासाच्या माणसाला मोबदला ठरवून द्या, आठवड्यातून दोनदा घर उघडून चूल पेटवायला सांगा. रात्री झोपण्याच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

प्रश्न : घराच्या वरच्या अंगाला झरा आहे. तेथून दोनशे मीटर काळा पाइप टाकून पाणी आणले आहे. झऱ्याला पाणी असूनही अधूनमधून नळ कोरडा पडतो आणि मार्चअखेर झराच आटतो. जेसीबी लावून झरा खोल करावा आणि घराच्या भिंतीवर दोन हजार लिटरची टाकी बसवावी, असा विचार आहे.
— एक वाचक, कोयनानगर

उत्तर : या दोन्ही कल्पना सोडून द्याव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडील सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट माळांवर, जांभ्याचा थर असतो. त्यात पावसाचे पाणी मुरते आणि खालच्या चिकण थरापाशी किंवा काळ्या कातळापाशी अडले की डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. तो थर यंत्राने फोडला तर पाणी दुसरी वाट धरते आणि गेलेला झरा परत आणण्याचा उपाय कोणाकडेही नसतो. झऱ्याच्या तोंडाशी दगडांची छोटी झाकणबंद कुंडी बांधा, तिच्या वरच्या बाजूने चर काढून माळावरचे गढूळ पाणी बाजूला वळवा आणि कुंडी भरल्यानंतरचे पाणी ओढ्यात जाऊ द्या, कारण खालच्या अंगाला गुरे असतात आणि गवेही त्याच पाण्यावर येतात.

टाकीचे म्हणाल तर दोन हजार लिटर पाणी म्हणजे दोन टन वजन. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या परिसरातील दगडमातीची घरे कशी कोसळली, हे तुमच्या गावातील वडीलधाऱ्यांना विचारा. अशा भिंतीच्या माथ्यावर वजन चढवणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही. टाकी घरापासून दूर, उताराच्या वरच्या बाजूला, जमिनीवरच्या पक्क्या ओट्यावर असावी. नळापेक्षा ती दहा मीटर उंच असेल तर सुमारे एक किलोचा दाब आपोआप मिळतो आणि पंपाची गरज राहत नाही. नळ मधेच कोरडा पडण्याचे कारण बहुधा पाइपात अडकलेली हवा हे असते. पाइप जेथे चढून पुन्हा उतरतो त्या उंचवट्यावर ती साठते, म्हणून तेथे ‘टी’ (तीन तोंडांचा जोड) जोडून हवा सोडण्याचा कॉक बसवा.

मार्चनंतरच्या पाण्याचे उत्तर तुमच्या छपरातच आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. साठ चौरस मीटरच्या छपरावर नुसता हजार मिलिमीटर पाऊस धरला तरी साठ हजार लिटर होतात आणि कोयनानगरला त्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. दोन माणसांना रोज ऐंशी लिटर धरले तर मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत साडेआठ-नऊ हजार लिटर पुरतात, म्हणजे दहा हजार लिटरचा साठा पुरेसा आहे. पन्हळीतले पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे. त्यात पाला, धूळ आणि वानरांची घाण असते. टाकी ऑगस्टअखेर भरावी आणि तिच्यात उजेड शिरणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर शेवाळ धरते. पिण्यासाठी हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, गाळ खाली बसल्यावर वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि एक तासाने वापर सुरू करावा. जुनी, उघडी राहिलेली पावडर निकामी होते. पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडील ओटी चाचणीने दोन मिनिटांत समजते.

प्रश्न : चार पॅनेल, एक इन्व्हर्टर आणि दीडशे अँपिअर-अवरच्या दोन लेड-अॅसिड बॅटऱ्या आहेत. उन्हाळ्यात फ्रीजसुद्धा चालतो. जुलैमध्ये सगळे बंद पडते आणि दोन वर्षांतच बॅटऱ्या गेल्या. पॅनेल दुप्पट करा, असा सल्ला मिळाला आहे.
— एक वाचक, तापोळा

उत्तर : सल्ला देणाऱ्याचा त्यात फायदा आहे, तुमचा फारसा नाही. बारा व्होल्टच्या त्या दोन बॅटऱ्यांत मिळून ३.६ युनिट वीज मावते आणि बॅटरी टिकवायची असेल तर त्यातील निम्मीच, म्हणजे १.८ युनिट, वापरावी. लहान फ्रीज दिवसाला एक युनिटच्या आसपास खातो. इन्व्हर्टर काहीही न चालवता नुसता चालू राहिला आणि पंचवीस वॉट घेत असला, तरी चोवीस तासांत ०.६ युनिट तोच संपवतो. घनदाट ढगांच्या दिवसांत पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याइतकीच वीज देतात आणि तुमच्याकडे असे दिवस सलग येतात. पॅनेल दुप्पट केल्याने त्या तुटपुंज्या विजेची दुप्पट होईल आणि फ्रीज ती गिळून टाकील.

पावसाळ्यात फ्रीज बंद ठेवा. दिवे आणि मोबाइलचे चार्जिंग बॅटरीवरून थेट बारा व्होल्टवर घ्या आणि इन्व्हर्टर लागेल तेव्हाच चालू करा. पाच वॉटचे पाच एलईडी दिवे पाच तास आणि घरातले मोबाइल मिळून दिवसाला ०.२ युनिटच्या आत भागते, म्हणजे ऊन अजिबात पडले नाही तरी आठवडाभर अंधार होणार नाही. दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून चोवीस व्होल्ट केले असतील तर दिव्यांसाठी एकाच बॅटरीवरून तार काढू नका. ती एकटीच खचते. त्याऐवजी चोवीसचे बारा व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर लावा.

बॅटऱ्या गेल्या त्या अर्धवट चार्ज अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यामुळे. तशा स्थितीत प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि मग ते निघत नाही. काही तास विश्रांती दिलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.१ पर्यंत आली तर निम्मी संपली आहे, म्हणून एक साधा मीटर भिंतीवर लावा. पाणी घालायचे ते डिस्टिल्ड, झऱ्याचे कितीही निर्मळ असले तरी नाही. नव्या बॅटऱ्या घेताना ऐपत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटच्या घ्याव्यात. त्यांना पाणी लागत नाही आणि अर्धवट चार्जचा त्रासही नसतो, मात्र पॅनेलवरून बॅटरीत जाणाऱ्या विजेवर नियंत्रण ठेवणाऱ्या चार्ज कंट्रोलरची सेटिंग बदलावी लागते. पॅनेलवर सावली पडते म्हणून हिरडा किंवा जांभूळ तोडण्याचा बेत असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार मालकी जमिनीतील अशा झाडांनाही परवानगी लागते. पॅनेलची जागा बदलणे बहुधा सोपे जाईल.

प्रश्न : दोन खड्ड्यांचे शौचालय झऱ्यापासून किती अंतरावर असावे?
— एक वाचक, पाटण

उत्तर : पंधरा मीटर हे किमान अंतर सांगितले जाते. पण जांभ्यात आणि भेगाळ कातळात पाणी फार लांबवर जाते, त्यामुळे शौचालय झऱ्याच्या खालच्या अंगालाच असावे, वर कधीही नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी उमळत असेल तर तेथे हा प्रकार उपयोगाचा नाही. जमिनीच्या वर बांधलेल्या दोन कप्प्यांचे, राख आणि पालापाचोळा टाकून खत करणारे शौचालय बांधा.

प्रश्न : उन्हाळ्यात वणव्याची भीती वाटते. सापही निघतात.
— एक वाचक, कास परिसर

उत्तर : दोहोंचे पहिले काम एकच आहे. फेब्रुवारी उजाडण्याआधी घराभोवती निदान दहा मीटर पट्ट्यातील वाळलेले गवत आणि पाला काढून टाका, पन्हळी झाडून घ्या आणि जळणाची रास भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच मांडणीवर ठेवा. घराला टेकलेल्या लाकडांत उंदीर येतात आणि त्यांच्यामागे नाग व घोणस. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, म्हणून जमिनीवर झोपू नये आणि मच्छरदाणी गादीखाली खोचावी. दंश झाल्यास चिरणे, चोखणे, करकचून बांधणे यांत वेळ घालवू नका. अवयव हलू न देता माणसाला थेट रुग्णालयात न्या. सर्वांत जवळ प्रतिसर्पविष कोठे मिळते आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, याची चौकशी आजच करून ठेवा. गवत जाळून पट्टा मोकळा करण्याचा प्रयत्न स्वतः करू नका, त्यासाठी वनरक्षकाला बोलवा. वणवा दिसल्यास वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. घरात रेंज येत नसेल तर ती नेमकी कोणत्या टेकाडावर येते, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असू द्या.