लॅपटॉप मिटून मोठ्या मॉनिटरवर काम केलं तर चालेल का?

प्रश्न: मोठा मॉनिटर आणि वेगळा कीबोर्ड-माउस घेतलाय. टेबलावर जागा नाही म्हणून लॅपटॉप मिटून ठेवायचाय, पण मिटला की मॉनिटरपण काळा होतो. काय करू? आणि तापून खराब तर होणार नाही ना?

उत्तर: चालेल की, बरेच जण रोज असंच काम करतात. विंडोज असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डाव्या बाजूला 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज' दिसेल, तिथे 'प्लग्ड इन'खाली 'डू नथिंग' निवडा आणि सेव्ह करा. पण प्लीज, 'ऑन बॅटरी'ला हात लावू नका, तिथे 'स्लीप'च राहू दे! लोक दोन्हीकडे 'डू नथिंग' करून मोकळे होतात, मग एक दिवस घाईत लॅपटॉप मिटून बॅगेत टाकतात, तो आत चालूच राहतो, हवा मिळत नाही आणि काढाल तेव्हा हात लावायची सोय नसते, बॅटरीपण संपलेली. मॅकबुकला हे सेटिंग शोधायची गरज नाही, चार्जर, मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जोडलेले असले की मिटल्यावरही मॉनिटर चालू राहतो.

आता तापण्याचं. गरम हवा कुठून बाहेर पडते ते आधी बघा, काहींची बाजूने किंवा मागून जाते, त्यांना मिटल्याने फारसा फरक पडत नाही, पण काहींची बिजागरीपाशी स्क्रीनच्या खालून निघते आणि काही थोडी हवा कीबोर्डमधूनही घेतात, असे लॅपटॉप मिटले की जास्त तापतात. उभा धरणारा स्टँड घेतलात तर जागाही वाचते, फक्त जाळी खाली दाबली जायला नको. व्हिडिओ एडिटिंग, गेम असलं जड काम असेल तर मी म्हणेन झाकण सरळ उघडंच ठेवा आणि विंडोज की आणि पी दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' करा, लॅपटॉपची स्क्रीन बंद राहते.

चार्जर सतत लावलेला राहणार, तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का बघा, कायम 100 टक्के आणि वर उष्णता, यात बॅटरी लवकर म्हातारी होते.

कॅमेरा मात्र झाकणातच असतो, त्यामुळे व्हिडिओ कॉल असतील तर वेगळा वेबकॅम लागेलच.