जर्मनीला जोडीनं निघताय? टॅक्स क्लास आणि बापाची रजा आधी ठरवा

तुमचा प्रश्न असा: ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्यावर, म्युनिकला निघालोय, बायकोही पुण्यात आयटीत आहे, दीड-दोन वर्षांत मूल हवंय, तिकडे बाईमाणूस-पुरुषमाणूस असा भेद नाहीच, मग आधीपासून ठरवायचं काय?

कायद्यात भेद नाही, हे खरं. पण पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत घरसंसार सांभाळून जमलं तरच बायकोनं नोकरी करावी असं कलम होतं. ते गेलं, तरी 'एक कमावता, एक घर बघणारी' हा हिशेब करखात्याच्या फॉर्मात शिल्लक आहे.

दर महिन्याला पगारातून किती कर कापायचा, हे टॅक्स क्लासवर ठरतं. नवराबायकोला आपोआप क्लास ४ आणि ४ मिळतो. मग ऑफिसात कुणीतरी भेटतोच: "तू ३ घे, तिला ५ दे, हातात जास्त पडतात." पडतात, कारण तिची करमुक्त रक्कमही तुमच्या पगाराला लागते आणि तिचा कर पहिल्या युरोपासून कापला जातो. वर्षअखेरीला रिटर्न भरलं की दोघांचा मिळून कर तेवढाच निघतो. पण दरम्यान तिची सॅलरी स्लिप बघून "एवढ्यासाठी कशाला धावपळ?" हे घरात सुरू झालेलं असतं. शिवाय बेकारभत्ता, आजारपणाचा भत्ता आणि एल्टर्नगेल्ड म्हणजे पालकभत्ता हे सगळं हातातल्या पगारावर ठरतं. ४/४ च ठेवा. ३/५ घेतलंच असेल, तर तिची बाळंतपणाची रजा ज्या महिन्यात सुरू होणार त्याच्या निदान ७ महिने आधी बदलायला हवं. दिवस गेल्याचं कळेपर्यंत ती मुदत बहुधा टळलेली असते, म्हणून मुलाचा विचार सुरू झाला की लगेच करखात्याच्या एल्स्टर पोर्टलवरून अर्ज टाका.

आता तुमची रजा. एल्टर्नगेल्ड हातातल्या पगाराच्या साधारण ६५ टक्के, महिना ३०० ते १८०० युरो. एकाला जास्तीत जास्त १२ महिने. दुसऱ्यानं निदान २ घेतले तर एकूण १४. ते दोन महिने बापानं घेतले नाहीत तर बुडतात, आईला मिळत नाहीत. दोघांनी एकत्र पूर्ण भत्ता घ्यायचा तर पहिल्या वर्षात एकच महिना. त्यामुळे एक महिना जन्मानंतर लगेच घ्या, दुसरा ती कामावर परतताना.

हे महिने बाळाच्या जन्मतारखेपासून मोजतात. बाळ १४ तारखेचं असेल तर १४ ते १३. रजा १ ते ३० अशी टाकली की दोन्हीकडे पगाराचे दिवस शिरतात आणि भत्ता कापला जातो. फार जणांचा पाय इथेच घसरतो. ऑफिसला किमान ७ आठवडे आधी कळवायचं, पण नोकरीवरून काढण्यापासूनचं संरक्षण सुरू होतं ८ आठवडे आधी. कळवायचं ते या मधल्या आठवड्यात. भत्त्याचा अर्ज रेंगाळला तर मागचे फक्त ३ महिने मिळतात.

दुसरा महिना कशाला, तर कीटासाठी, म्हणजे पाळणाघरासाठी. एक वर्षाच्या मुलाला जागेचा हक्क २०१३ पासून आहे, पण म्युनिकमध्ये जागांची मारामार. नाव लवकर घाला. पोरगं तिथे सोडून निघून येता येत नाही. पहिले तीन दिवस पालक कोपऱ्यात बसून राहतो, चौथ्या दिवशी काही मिनिटं खोलीबाहेर जातो, रडणं बघून पुढचं ठरतं. यात कित्येक आठवडे जातात. आजीला बोलावू म्हणाल, तर तिचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा. आणि आजी आली की आपल्याकडचे बाप निवांत ऑफिसला पळतात, हेही आलंच.

बायकोला व्हिसावर पहिल्या दिवसापासून नोकरीची मुभा आहे. मात्र तिचं वास्तव्य सुरुवातीला लग्नावर अवलंबून असतं. स्वतंत्र हक्क साधारणपणे तिथे ३ वर्षं एकत्र संसार झाल्यावर, छळ होत असेल तर त्याआधीही. ११६ ०१६ ही छळ होणाऱ्या बायकांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास, फुकट. नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.