वाचकांचे प्रश्न : जुने सिमेंटचे पत्रे उतरवताना

प्रश्न : आम्ही शेडची पत्र्याची कामं घेतो. एमआयडीसीतल्या जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे काढून रंगीत पत्रे टाकायचे आहेत. गंजलेले बोल्ट ग्राइंडरने कापतो. तोंडाला रुमाल पुरेल ना? – एक फॅब्रिकेटर, सांगली

उत्तर : नाही पुरणार. आणि ग्राइंडर लावूच नका. या पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे एक तंतुमय खनिज, असतो. पत्रा अखंड असला तर तंतू सिमेंटात धरून राहतात. बोल्ट कापताना चक्तीची कड पत्र्याला घासली की ते मोकळे होतात, रुमालातून आरपार जातात आणि फुप्फुसात रुतून बसतात.

रबरी अर्धमुखी मास्क घ्या, त्याला दोन्ही बाजूंना पी-१०० (अगदी बारीक धूळ अडवणारे) फिल्टर हवेत. दाढीचे खुंट असतील तर कडेने हवा आत शिरते, म्हणून कामाच्या दिवशी दाढी करूनच या. फवारणीच्या पाठीवरच्या पंपात पाणी आणि दोन-तीन चमचे भांड्यांचा साबण टाका. नुसतं पाणी ओघळून जातं, साबणाचं पाणी मुरतं. परांचीवर उभं राहून पत्रे दोन्ही बाजूंनी भिजवा. पत्र्यावर पाय देऊ नका, जुना पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस सरळ खाली जातो. जे-बोल्टचा नट पान्याने सोडवा, नाहीच सुटला तर बोल्टकटरने तोडा. पत्रा अख्खाच दोरीने खाली घ्या. वरून टाकलात की तुकडे झाले, आणि धूळही.

पन्हळीतला काळा गाळ बहुतेक जण झाडूने ओढतात. पावसाने वर्षानुवर्षं झिजलेल्या पत्र्याचे तंतू त्यातच साचलेले असतात. तो ओला असतानाच खरवडून जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत भरा. कारखान्याचे पत्रे भंगारवाल्याला देऊ नका, जमिनीच्या भरावासाठीही नाही. ते तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडे जायला हवेत. तो खर्च मालकाच्या कोटेशनमध्ये आधीच धरा.

संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकायची सवय सोडा. कपडे ओले करून तिथेच पिशवीत ठेवा. घरच्या धुण्यात गेले तर धुणाऱ्या बाईच्या श्वासात तेच तंतू जातात.

प्रश्न : स्टीम लाइनचं (वाफेच्या पाइपाचं) ॲल्युमिनियमचं जुनं क्लॅडिंग, म्हणजे बाहेरचं पत्र्याचं आवरण, काढतो. आत पांढरं लपेटलेलं असतं. ते काय असेल? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पिवळी, खाजणारी असेल तर बहुधा काचलोकर. पांढरा, खडूसारखा थर मात्र कॅल्शियम सिलिकेट असू शकतो किंवा ॲस्बेस्टॉसही, नजरेने ओळखता येत नाही. काम थांबवा. मास्क लावून, जागा भिजवून, अंगठ्याएवढा तुकडा दुहेरी पिशवीत घालून प्रयोगशाळेत तपासून घ्या. हे लॅगिंग (पाइपावरचं उष्णता रोखणारं वेष्टण) ॲस्बेस्टॉसचं असेल तर सिमेंटच्या पत्र्यापेक्षा जास्त घातक असतं, कारण ते हातानेच कुस्करतं. बॉयलरच्या दाराची जुनी दोरी आणि फ्लँजचे (पाइपाच्या जोडाचे) गॅस्केटही याच संशयाने हाताळा, वायरब्रशने खरवडू नका.

प्रश्न : वीस वर्षं असं काम केलंय. आता काय तपासू?

उत्तर : छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजायची चाचणी) करा, आणि डॉक्टरांना कुठे, किती वर्षं, काय कापलंत ते लिहून द्या. आजार दिसायला २० ते ४० वर्षं लागू शकतात, म्हणून आजचा रिपोर्ट स्वच्छ आला तरी फाईल जपा. विडी-सिगारेट ओढत असाल तर आजच सोडा, धूर आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढवतात. ॲस्बेस्टॉसिस (या तंतूंनी फुप्फुस कडक होण्याचा आजार) हा भरपाईस पात्र व्यावसायिक आजार आहे. ईएसआय (कामगार राज्य विमा) कार्ड असेल तर तिथेच नोंद करवून घ्या.