हायवेवर दिसलेली जुनी अमेरिकन गाडी खरी जुनी की नव्या गाडीला दिलेला जुना लूक, हे लांबून कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की शिकागोजवळ हायवेवर तुमच्या पुढे एक लाल लांबलचक गाडी चालली होती, मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल दिवे, मागच्या कोपऱ्यांवर पत्र्याचे पंख वगैरे काही नाही, आणि शेजारी बसलेला मित्र म्हणाला की सोड रे, हल्ली कंपन्या नव्याच गाडीला जुना लूक देऊन विकतात. मित्र अगदीच हवेत बोलत नाहीये, पण ही गाडी त्यातली नसावी. माझ्या मते शेवर्ले इंपाला, १९६१ ते ६५ मधली. साल कसं काढलं ते शेवटी सांगतो, कारण त्याआधीच्या खुणा कळल्या की पुढच्या वेळी तुम्हाला कुणाला विचारावंच लागणार नाही.

मी डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो, जुन्या गाड्या मिरवायला लोक जिथे येतात तो वुडवर्ड अव्हेन्यू हा रस्ता इथून जवळ आहे. त्यामुळे मे ते ऑक्टोबर सिग्नलला शेजारी साठ वर्षांची गाडी उभी असणं ही इथे काही फार मोठी बातमी नाही. हिवाळ्यात मात्र एकही दिसत नाही, कारण बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ पत्र्याला खातं (डेट्रॉइट शहराच्या पोटातच हजार फुटांखाली मिठाची खाण आहे, म्हणजे गाड्या बनवणाऱ्या गावाखालीच गाड्यांचा शत्रू, असो). वसंतात एक-दोन दणकून पाऊस पडले, रस्ते धुऊन निघाले की मग लोक गॅरेजातून गाड्या बाहेर काढतात.

आता ओळखण्याचं. बहुतेक लोक आधी चकाकणारं क्रोम आणि रंग बघतात आणि तिथेच फसतात, कारण तेवढं तर नव्या गाडीलाही चढवता येतं. फोर्ड मस्टँगने २००५ मध्ये, डॉज चॅलेंजरने २००८ मध्ये आणि शेवर्ले कमॅरोने २०१० च्या मॉडेलला आपापलं साठ-सत्तरच्या दशकातलं तोंड परत आणलं, फोर्डची थंडरबर्ड २००२ ते ०५ तशीच आली, आणि पीटी क्रूझर तर चाळीसच्या दशकातून थेट आल्यासारखी दिसते. तेव्हा माझी पद्धत अशी की गाडीत काय आहे यापेक्षा काय नाहीये ते बघायचं. अमेरिकेत सुरक्षेच्या कायद्याने गाडीवर एकेक गोष्ट चढत गेली आणि प्रत्येकीचं साल पक्कं आहे.

तुम्ही मागे होतात म्हणून मागून सुरू करू. मागच्या काचेत किंवा डिकीवर मधोमध जो तिसरा ब्रेकलाइट असतो तो १९८६ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या कारना सक्तीचा झाला. पुढच्याने ब्रेक दाबला आणि फक्त दोन बाजूंचेच दिवे लागले तर गाडी जुनी, मग तिचा लूक काही का असेना. नव्या चॅलेंजरला तो तिसरा दिवा असतोच, लपवला तरी असतो. काही हौशी मालक सुरक्षेसाठी जुन्या गाडीला तो नंतर बसवून घेतात, त्यामुळे दिवा दिसला म्हणून गाडी नवीच असं धरून चालू नका, पण नाही दिसला तर निकाल लागला समजा.

मग मागच्या काचेतून आत बघा. ही माझी सगळ्यात आवडती खूण आहे कारण ती शंभर फुटांवरून दिसते. पुढच्या सीटना हेडरेस्ट १ जानेवारी १९६९ पासून सक्तीचे झाले, त्याआधीच्या बऱ्याचशा गाड्यांत नसायचेच, म्हणजे पुढे एकच आडवा सोफा आणि त्यावरून माणसांची डोकी, मान, खांदे सगळं उघडं दिसतं. आजच्या कुठल्याही गाडीत मागून बघाल तर आधी हेडरेस्टच दिसतात, माणूस आहे की नाही तेही कळत नाही.

बाजूने जाताना पुढच्या आणि मागच्या बंपरजवळ पत्र्यावर छोटा पिवळा आणि लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर आहे का बघायचं, हा १९६८ च्या मॉडेलपासून आला. त्यामुळे १९६७ ची आणि १९६८ ची मस्टँग ज्यांना एकसारखी वाटते त्यांनी तेवढंच बघावं. समोरून बघायला मिळाली तर पुढचे इंडिकेटर पांढरे असतील तर गाडी बहुतेक १९६३ च्या आधीची, नंतर ते पिवळे झाले. हेडलाइटचं तर आणखी मजेशीर आहे, १९४० च्या मॉडेलपासून सात इंचाचे गोल दोनच दिवे असा नियम होता, चार दिवे १९५७-५८ ला आले आणि चौकोनी १९७५ ला. चार गोल दिवे दिसले तर १९५७ च्या आधीची गाडी नाही एवढं नक्की. दोन गोल असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, १९६५ च्या मस्टँगलाही दोनच आहेत.

चाकं बघायला विसरू नका. जुन्यांना १४-१५ इंची चाकं आणि भरपूर टायर, नव्यांना १८-२० इंची चाकं आणि टायर म्हणजे नुसती काळी पट्टी. फक्त हल्ली जुन्या बॉडीत नवं इंजिन, नवे ब्रेक आणि मोठी चाकं घालायची फॅशन आहे, त्याला इथे रेस्टोमॉड म्हणतात, म्हणून एकट्या चाकावर जाऊ नका. (मला स्वतःला ती मोठी चाकं बघवत नाहीत, पण गाडी त्यांची, पैसे त्यांचे.)

लांबूनच नजर का जाते याचं खरं कारण उंची आहे असं मला वाटतं. आज रस्त्यावर सगळ्या एसयूव्ही, क्रॉसओव्हर आणि पिकअप, पांढऱ्या, काळ्या नाहीतर करड्या, आणि वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारख्या गोलसर. १९५९ ची कॅडिलॅक २२५ इंच लांब आहे, आजची शेवर्ले सबर्बनही जवळपास तेवढीच लांब, पण सबर्बन तिच्यापेक्षा दीड फुटाहून जास्त उंच. म्हणजे गाड्या लहान झाल्या असं आपण म्हणतो ते खरं नाही, त्या वर वाढल्या. पार्किंगमध्ये दोन पिकअपच्या मध्ये जुनी गाडी उभी असेल तर ती दिसतच नाही, नुसता खड्डा दिसतो, आणि जवळ गेल्यावर त्या खड्ड्यात १८ फुटांची गाडी निघते.

पंखांबद्दल वेगळं विचारलं नाहीये पण सांगतो. ते १९४८ च्या कॅडिलॅकवर आले, जनरल मोटर्सचा डिझाइनप्रमुख हार्ले अर्ल याच्या टीमने पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून घेतले, दरवर्षी वाढत १९५९ ला कळस झाला (त्या कॅडिलॅकच्या पंखात बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन लाल दिवे असतात, ती चुकणं शक्यच नाही) आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत गायब. १९५९ च्या शेवर्लेचे पंख मात्र उभे नाहीत, वटवाघळासारखे आडवे पसरलेले आणि खाली मांजरीच्या डोळ्यांसारखे दिवे. शेवर्ले बेल एअर १९५५, ५६, ५७ ही तीन वर्षं सगळ्यांनाच आवडतात, त्यात ५६ ला पेट्रोलचं झाकण डाव्या टेललाइटच्या मागे लपवलंय आणि ५७ ला डाव्या पंखाच्या क्रोमच्या पट्टीमागे. पंपावर नवखा माणूस गाडीभोवती फेऱ्या मारतो, झाकण सापडत नाही.

वासही येतो, ही गंमत नाही. धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९७५ च्या मॉडेलपासून आले, त्याआधीच्या गाडीमागे सिग्नलला थांबलात तर अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास काच बंद असली तरी आत येतो. जुन्या मुंबईकरांना तो ओळखीचा वाटेल, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ बनायच्या आणि त्याच्याही आधी १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्स शेवर्ले जुळवायची, त्यामुळे ही अमेरिकन मंडळी आपल्याकडे अगदीच परकी नव्हती.

एकाच दिवशी सगळं बघायचं असेल तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्डला या, ड्रीम क्रूझ म्हणजे जुन्या गाड्यांची जत्राच असते, १९९५ पासून चालू आहे, फर्नडेलपासून पाँटियॅकपर्यंत रस्ता भरलेला असतो. सकाळी लवकर या आणि घरून खुर्ची आणा. मिशिगनमध्ये २५ वर्षांहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक नंबरप्लेट मिळते, ती घेतली की एरवी गाडी फक्त शो, परेड असल्या कामालाच बाहेर काढायची, ऑगस्टमध्ये मात्र रोजच्या वापराला मुभा असते, म्हणून त्या महिन्यात किराणा दुकानाबाहेरसुद्धा दिसतात. मालकाला "कुठल्या सालची" एवढं विचारलं की तो अर्धा तास सोडत नाही, फक्त पत्र्याला हात लावू नका आणि जीन्सचं बटण घासेल इतकं टेकू नका.

तर तुमची लाल गाडी. शेवर्लेच्या मोठ्या गाड्यांत तेव्हा तीन-तीन गोल दिवे म्हणजे इंपाला, आणि स्वस्तातल्या बेल एअर आणि बिस्केनला दोन-दोन. १९५८ लाही तीन होते पण त्या गाडीचा मागचा भाग गोलसर खोबणीचा, १९५९ ला मांजरीचे डोळे, १९६० ला चपटे पंख, आणि १९६६ पासून दिवे लांबट झाले. तुम्ही पंख नव्हते म्हणताय म्हणून १९६१ ते ६५ उरलं. १९६४ ला दिव्यांचा आकार जरा चौकोनाकडे झुकतो, तुम्ही गोल लिहिलंय तर ती बाजूला ठेवू. दोन दारांची असेल तर छत आठवून बघा: मागे उतरणारी मोठी काच आणि बारीक खांब असेल तर १९६१, छताच्या पत्र्याला कापडी टप ओढल्यासारखी घडी असेल तर १९६२ नाहीतर ६३, आणि सगळी बॉडी गोलाकार होऊन छत सरळ डिकीपर्यंत घसरत आलं असेल तर १९६५.