आधी तो साबण बाजूला ठेव

अरे, तुझा मेसेज वाचला. कोपराच्या खळगीत परत फुटलंय आणि तू दिवसातून तीनदा अँटिसेप्टिक साबणाने घासतोयस, कारण कुठेतरी वाचलंस की एक्झिमा, म्हणजे आपलं इसब, बॅक्टेरियामुळे होतो. आधी तो साबण बाजूला ठेव, मग पुढचं वाच. मीही तुझ्या वयात हेच केलंय, मायक्रोबायोलॉजी शिकत होते ना त्यामुळे शहाणपण जरा जास्तच, जंतू दिसला की मारायचा एवढंच डोक्यात, आणि आठवड्याभरात बोटं अशी फाटली की पेन धरवेना.

तू वाचलंस ते खोटं नाहीये, अर्धवट आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू खरंच तिथे तळ ठोकून असतो. 2016 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तर 70 टक्के पेशंटच्या चट्ट्यांवर तो सापडला होता, आणि वरून चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही 39 टक्के. त्याआधी 2012 मध्ये लहान मुलांच्या कातडीवरचे जंतू मोजले होते, तेव्हा दिसलं की एक्झिमा उसळला की जंतूंची विविधता घसरते, ऑरियस माजतो, आणि उपचार झाले की बाकीची मंडळी परत आपापल्या जागी येतात. बरं तो नुसता बसून राहत नाही. 2023 मध्ये उंदरांवरच्या कामात कळलं की त्याचं एक एन्झाइम थेट नसांना चेतवून खाज आणतं, मधे इम्यून सिस्टिमची गरजही पडत नाही!

पण मग तो तुझ्याच हातावर का माजला, माझ्या शेजारणीच्या का नाही? इथे कातडीकडे बघावं लागतं. वरच्या थरात फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन असतं, ते तुटून जे पदार्थ होतात ते कातडी ओलसर आणि जराशी आम्लधर्मी ठेवतात, आणि हा आंबटपणा ऑरियसला मानवत नाही. 2006 मध्ये कळलं की फिलॅग्रिनच्या जीनमध्ये बिघाड असेल तर एक्झिमाचा धोका बराच वाढतो. (पण बिघाड नसताना एक्झिमा झालेले आणि बिघाड असून काहीही न झालेले, दोन्ही प्रकारचे लोक असतात, म्हणून घरच्यांना दोष देत बसू नकोस.) नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, म्हणजे तू घासून घासून तो आंबटपणाच धुऊन टाकतोयस आणि ऑरियसला अंथरूण घालून देतोयस.

आता इम्यून सिस्टिम. कातडी म्हणजे शरीराची भिंत, तिला भेग पडली की कातडीच्या पेशी बोंब ठोकतात आणि इम्युनिटीची एक शाखा धावून येते, जी मुळात जंतांसारख्या परजीवींशी लढायला बनलीय. ती आयएल-4 आणि आयएल-13 नावाचे निरोप सोडते, आणि गंमत बघ, या निरोपांमुळे कातडी फिलॅग्रिन अजून कमी बनवते, जंतू मारणारी स्वतःची प्रोटीन्सही कमी बनवते. कुंपणच शेत खातंय म्हण ना. त्यात आयएल-31 खाज वाढवतं, तू खाजवतोस, भेग मोठी होते, ऑरियस आत घुसतो, परत बोंब. आधी कोण, जंतू की भिंत की इम्युनिटी, यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत आणि मला विचारशील तर पेशंटला त्या भांडणाचा फार उपयोग नाही, चक्र कुठे तोडता येतं तेवढं बघावं.

जंतू मारत बसण्यापेक्षा इम्युनिटीची आग शांत करावी, हे माझं मत एका औषधाने पक्कं झालं. 2017 मध्ये अमेरिकेत डुपिलुमॅबला मंजुरी मिळाली, ते अँटिबायोटिक नाही, फक्त आयएल-4 आणि 13 चा निरोप अडवतं, तरी त्याने कातडीवरचा ऑरियस कमी होतो आणि विविधता वाढते. उलट इन्फेक्शन नसलेल्या एक्झिमात अँटिबायोटिक देऊन फारसं काही साधत नाही, वर ऑरियसला दाबून ठेवणारे शेजारी जंतूही मरतात. हे शेजारी कामाचे आहेत बरं का, स्टॅफिलोकोकस होमिनिसची एक जात 2021 मध्ये 54 जणांवरच्या ट्रायलमध्ये आठवडाभर लावून पाहिली, ऑरियस कमी झाला, पण सगळ्या गटाचा मिळून एक्झिमा काही ठळक कमी झाला नाही. म्हणून तू लिंक पाठवलेल्या त्या प्रोबायोटिक क्रीमवर आत्ता पैसे घालवू नकोस.

मग करायचं काय? कंटाळवाणंच आहे. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, साबणाऐवजी सौम्य क्लेन्झर, अंग टिपलं की लगेच जाडसर मॉइश्चरायझर. जादू नाही ती, जन्मापासून वर्षभर बाळांना रोज लावूनही एक्झिमा टळला नाही असं 2020 च्या मोठ्या ट्रायलमध्ये दिसलंय, पण ज्याला आधीच आहे त्याची भिंत त्याने सावरते. आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड क्रीम घाबरून चिमूटभर लावू नकोस, बोटाच्या शेवटच्या पेराएवढी पट्टी साधारण अर्धा ग्रॅम होते, दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते, सांगितलेत तेवढे दिवस नीट लाव. आग शांत झाली की जंतू बऱ्यापैकी आपोआप वळणावर येतात. नखं मात्र आजच काप.

एक अपवाद लक्षात ठेव. पिवळी खपली धरली, पाणी गळायला लागलं, लाली पसरत चालली तर ते खरं इन्फेक्शन असू शकतं, तिथे अँटिबायोटिक लागेल. आणि एकसारखे, टोचल्यासारखे दुखरे फोड झपाट्याने उठले, सोबत ताप आला, तर ते हर्पिस नावाच्या विषाणूचं असू शकतं, त्यात तासांनी फरक पडतो, तेव्हा मला फोटो पाठवत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ.

तुझी ताई