मानसोपचार रुग्णालयात रुग्णाला बांधून ठेवण्याबद्दल लेखी नियमावली करायची आहे. त्यात नेमकं काय असावं?

तुमचं २५ खाटांचं खासगी मानसोपचार रुग्णालय आहे, रात्री एक सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि एक निवासी डॉक्टर असतात, तज्ज्ञ फोनवर असतात, असं तुम्ही लिहिलंय. मग हा कागद त्या रात्रपाळीला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहा. सकाळच्या राउंडला माणसं भरपूर असतात, चुका पहाटे तीनला होतात.

पाया मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ९७. रुग्णाला एकट्याला खोलीत कोंडायला पूर्ण मनाई आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला होणारी तत्काळ इजा टाळायला दुसरा कुठलाच मार्ग उरला नसेल तरच बांधायचं, तेही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने. शिक्षा म्हणून किंवा धाक दाखवायला नाही. माणसं कमी आहेत म्हणून बांधलं, हेही कारण कायद्याने स्पष्ट शब्दांत नाकारलंय. साखळीला कलम ९५ ने बंदी आहे.

यातून दोन सवयी आपोआप बाद होतात. पहिली, केसपेपरवर आधीच ‘गरज पडल्यास बांधावे’ लिहून ठेवणं. धोका समोर उभा नसताना दिलेला असा आदेश कलमाच्या अटीत बसत नाही. दुसरी, दाखल करतानाच नातेवाइकांची ‘बांधायला हरकत नाही’ अशी सही घेणं. बांधण्याचा आधार फक्त तत्काळ धोका हा आहे, घरच्यांची संमती नव्हे. हा फॉर्म काढून टाका.

बांधण्याआधी काय तपासायचं, हा भाग सगळ्यात मोठा ठेवा. साखर, ऑक्सिजन, ताप, नाडी, रक्तदाब. शेवटची दारू कधी घेतली? दारू सुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, घाम आणि भास सुरू झालेला माणूस ‘हिंसक’ म्हणून बांधला जातो आणि जिवावर बेतणारा आजार नजरेआड राहतो. वयस्क रुग्णाची लघवी अडली असेल, तर तो रात्रभर उठत राहणारच. आणि रुग्णाला शांत करायला दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल हे औषध दिल्यावर कधीकधी पायांत अशी तगमग सुरू होते की माणसाला एका जागी बसवत नाही. ती चिडचिड समजून तेच इंजेक्शन पुन्हा दिलं की तगमग वाढते. सिस्टरने ‘औषधानंतर अस्वस्थता वाढली का?’ हे डॉक्टरांना फोनवर सांगायचंच, असं एक वाक्य नियमावलीत घाला.

त्याच वेळी बोलणं चालू हवं. एकानेच बोलायचं, दोन हात अंतर ठेवून, दाराची वाट न अडवता. बाकीचे रुग्ण बाजूला न्यायचे. पाणी द्यायचं, गोळी हवी की इंजेक्शन हे विचारायचं. निवड दिली की पुष्कळ जण गोळी घेतात.

तरीही बांधावं लागलं तर पाच माणसं लागतात: चार हातापायांना आणि एक डोक्याशी, जो रुग्णाशी बोलतो आणि श्वासावर लक्ष ठेवतो. तुमच्याकडे रात्री तीनच आहेत. वॉचमन आणि रुग्णवाहिकेचा चालक यांना आधी शिकवलं नाही, तर ते पाठीवर गुडघा टेकतात. पालथं पाडून पाठ दाबली की छाती आणि पोट फुगायला जागा उरत नाही. रुग्ण हवेसाठी धडपडतो, ती धडपड मारामारी वाटते, आणि अजून दाबलं जातं. ‘श्वास येत नाही’ असं रुग्ण म्हणाला की त्याच क्षणी दाब काढायचा, खरं-खोटं ठरवत बसायचं नाही.

उताणं झोपवून डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश वर. उलटीची शक्यता असेल तर कुशीवर. रुंद, अस्तर असलेले पट्टे वापरा. बँडेज, ओढणी किंवा दोरी कातडीत रुतते. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. पट्टा खाटेच्या चौकटीला बांधा, वर-खाली होणाऱ्या कठड्याला नको, आणि गाठ एका ओढीत सुटणारी हवी. तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका ठिकाणी २००१ च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा साखळीतल्या रुग्णांना पळता आलं नाही, २८ जण गेले. म्हणून बांधलेल्या माणसाजवळ कोणीतरी सतत बसलेलं हवं. कॅमेऱ्यावर भागवू नका.

दर १५ मिनिटांनी श्वास, नाडी, बोटांचा रंग आणि ऊब बघा. इंजेक्शन दिलं असेल तर पहिला तासभर रक्तदाब आणि ऑक्सिजनही. पाणी आणि लघवीचं भांडं मागायची वाट पाहू नका. एकेक हात-पाय आळीपाळीने सोडून हलवा, बराच वेळ जखडून पडल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते.

किती वेळ? कायदा तास देत नाही, ‘अगदी आवश्यक तेवढाच’ म्हणतो. मी तरी दोन तासांना आदेश आपोआप संपतो असंच लिहीन. पुढे चालू ठेवायचं तर डॉक्टरने प्रत्यक्ष येऊन तपासायचं. काय दिसलं की सोडणार, हे रुग्णालाही आधीच सांगा, नाहीतर तो ओरडत राहतो आणि ओरडतो म्हणून बांधलेला राहतो.

नोंदीत पद्धत, स्वरूप, कारण आणि किती वेळ बांधलं हे हवं. ‘रुग्ण आक्रमक’ एवढं पुरत नाही. ‘३.१० वाजता खिडकीची काच फोडून तुकडा मनगटाला लावला, गोळी नाकारली’ असं लिहा. नामनिर्देशित प्रतिनिधीला (या कायद्याखाली रुग्णाच्या वतीने नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवायचं असतं, तेव्हा त्याचा नंबर केसपेपरच्या पहिल्याच पानावर ठेवा. प्रत्येक घटना याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दरमहा जाणाऱ्या अहवालात येते, म्हणून वेगळं रजिस्टर करा. त्यात वेळेचा रकाना ठेवाच. बहुतेक घटना जेवणाच्या रांगेत किंवा पाळी बदलताना होतायत असं दिसलं, तर आधी ड्युटीचं वेळापत्रक बदला.