दोन झेंड्यांमधली खुर्ची

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या सुट्टीत, दोन देशांमधला व्यापार वाढवणाऱ्या एका संस्थेच्या परिषदेत तीन दिवस स्वयंसेवक होते. व्यासपीठावर दोन्ही देशांच्या झेंड्यांच्या मधोमध एक बाई बसल्या होत्या. राजदूतांपासून उद्योजकांपर्यंत सगळे त्यांना विचारून पुढे जात होते. मला तेच व्हायचंय. पण तिथपर्यंत कसं पोहोचतात, हे कुणालाच सांगता येत नाही. ही नोकरी असते हेच आईबाबांना पटत नाही. ते म्हणतात, बँकेची परीक्षा दे. मी एमबीए करू, की आंतरराष्ट्रीय संबंध विषयात एमए?

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात व्यासपीठ आहे, झेंडे आहेत, राजदूत आहेत. पण ते झेंडे कोणत्या देशांचे होते, हे कुठेच नाही. रागावत नाहीये. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच सुरू होतं, म्हणून शेवटी त्याकडे परत येईन.

आधी आईबाबांसाठी. ही नोकरी आहे आणि बरीच जुनी आहे. व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन वाणिज्य मंडळ (चेंबर ऑफ कॉमर्स) स्थापण्याची प्रथा फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात १५९९ साली सुरू झाली, असं मानतात. त्यातूनच पुढे परदेशात राहणाऱ्या व्यापाऱ्यांची आणि मग दोन देशांची मिळून मंडळं आली. आज एकट्या जर्मनीच्या परदेशी वाणिज्य मंडळांचं जाळं ९०हून अधिक देशांत आहे. जपानची व्यापारवाढ संस्था जेट्रो १९५८पासून आणि दक्षिण कोरियाची कोट्रा १९६२पासून हेच काम सरकारी पातळीवर करते. या सगळ्या कार्यालयांत पगारी माणसं असतात.

पण या सगळ्या संस्था एकसारख्या नाहीत, आणि इथेच बहुतेक विद्यार्थ्यांची गफलत होते. संस्थेचा पैसा कुठून येतो ते पाहा. तिथला खरा मालक कोण, ते लगेच कळतं. सरकारच्या पैशावर चालणारी संस्था सरकारच्या धोरणाप्रमाणे चालते. सदस्यांच्या वर्गणीवर चालणारं मंडळ सदस्यांना उत्तर देतं. वर्गणी भरणाऱ्या कंपनीचा फोन तिथे मंत्रालयाच्या पत्राइतकाच महत्त्वाचा. तिसरा प्रकार बड्या कंपन्यांच्या परिषदांचा, म्हणजे कायम चालणाऱ्या कौन्सिलांचा. तिथे सदस्य थोडे, वर्गणी भारी आणि भर धोरणांवर. जर्मन मंडळांसारख्या काही ठिकाणी सरकारी अनुदान, वर्गणी आणि सेवांचं शुल्क असे तिन्ही झरे एकत्र येतात. अशा ठिकाणी प्रमुखाला एकाच वेळी तीन धन्यांची मर्जी सांभाळावी लागते.

आता तू पाहिलेल्या बाईंविषयी. त्या अध्यक्ष होत्या की महासंचालक, हे तुला माहीत आहे का? दूरून दोन्ही खुर्च्या सारख्याच दिसतात, पण वाटा पूर्णपणे वेगळ्या आहेत. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळात अध्यक्ष बहुधा मानद असतो. तो एखाद्या कंपनीचा मालक किंवा वरिष्ठ अधिकारी असतो, सदस्यांमधून निवडून येतो, एक-दोन मुदती सांभाळतो आणि आपल्या उद्योगात परत जातो. त्या खुर्चीसाठी अर्ज करता येत नाही. महासंचालक, कार्यकारी संचालक, सरचिटणीस अशा नावांनी ओळखलं जाणारं पद मात्र पगारी असतं. सचिवालय तो चालवतो, अंदाजपत्रक तो मांडतो, माणसं तो नेमतो. अध्यक्ष बदलतात, तो टिकतो. त्याची परीक्षाही तीच : दर दोन-तीन वर्षांनी नवा अध्यक्ष येतो, नव्या कल्पना आणतो, आणि संस्था मात्र रुळावरून घसरू द्यायची नसते. तुझी वाट ही दुसरी आहे, असं धरून पुढचं लिहिते.

एक गोष्ट सांगते, कारण या कामाचं मर्म मला कुठल्याही पदवीपेक्षा तिच्यात जास्त दिसतं. १९६२ साली जपान आणि चीन यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते. दूतावास नव्हता, राजदूत नव्हता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन माणसांनी व्यापाराच्या एका करारावर सह्या केल्या. चीनच्या बाजूने लिआओ छंग-ची, जपानच्या बाजूने ताकासाकी तात्सुनोसुके. लिआओंचा जन्मच टोकियोतला; जपानी भाषा त्यांना घरच्यासारखी. ताकासाकी मूळचे उद्योजक, पुढे व्यापारमंत्रीही झालेले. या दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून तो व्यवहार ‘एलटी व्यापार’ म्हणून ओळखला गेला. १९६४मध्ये एकमेकांच्या राजधानीत संपर्क कार्यालयं उघडली. राजनैतिक संबंध मात्र जुळले ते १९७२च्या सप्टेंबरमध्ये. मधली दहा वर्षं दोन मोठ्या देशांमधला बराचसा व्यवहार अशा करारांच्या आणि काही माणसांच्या भरवशावर चालला.

अमेरिका आणि चीन यांच्यातही असंच घडलं. दोघांचे पूर्ण राजनैतिक संबंध १ जानेवारी १९७९ रोजी सुरू झाले. व्यापार परिषद मात्र १९७३मध्येच स्थापन झाली होती. तिचे पहिले अध्यक्ष ख्रिस्तोफर फिलिप्स. ते व्यापारी नव्हते, संयुक्त राष्ट्रसंघात काम केलेले मुत्सद्दी होते. १९८६पर्यंत, म्हणजे तेरा वर्षं, ते त्या पदावर राहिले.

या तिघांत सारखं काय आहे ते बघ. लिआओंकडे भाषा होती, ताकासाकींकडे उद्योगाचा अनुभव, फिलिप्स यांच्याकडे मुत्सद्देगिरी. शिक्षणं वेगळी, वाटा वेगळ्या. पण समोरच्या देशाची माणसं त्यांच्या शब्दावर विसंबू शकत होती. इतकी पत एका परिषदेत किंवा एका वर्षात तयार होत नाही.

मग रोजचं काम कसं असतं? परिषदेचे ते तीन दिवस वर्षातले सगळ्यात झगझगीत दिवस असतात. उरलेलं वर्ष ईमेलमध्ये जातं. समज, औद्योगिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याचं पत्र येतं : आम्हाला तुमच्या देशात माल विकायचाय. आता कार्यालयातल्या तुझ्यासारख्या मुलीने आधी त्या व्हॉल्व्हचा एचएस कोड, म्हणजे मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक, शोधायचा. जगभरात त्याचे पहिले सहा आकडे सारखेच असतात. पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले ठरवतो. कोड कळला की आयात शुल्क कळतं. दोन देशांत व्यापार करार असेल तर सवलत किती आणि ती मिळवायला मालाचा किती भाग मूळ देशात बनलेला हवा, ते बघायचं. त्या देशात कोणतं मानक लागतं, तपासणी कोण करतं, हे विचारायचं. मग खरेदीदारांची यादी. इथे घाई केली की पत जाते.

माझ्या एका विद्यार्थ्याचं उदाहरण देते. अशाच एका कार्यालयात लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने एका कंपनीला चाळीस खरेदीदारांची यादी पाठवली, एका सूचीतून जशीच्या तशी उचललेली. त्यातल्या काही कंपन्या बंद पडल्या होत्या, काहींनी तो माल घेणं कधीच सोडलं होतं. ती कंपनी पुढच्या वर्षी सदस्य राहिली नाही. तेव्हापासून तो यादीतल्या प्रत्येक नावाला स्वतः फोन करतो. आता त्याच्या याद्यांत सहा-सात नावंच असतात आणि लोक त्यासाठी पैसे मोजतात.

शिष्टमंडळ हा दुसरा मोठा भाग. पंधरा उद्योजक येणार, प्रत्येकाला चार-पाच भेटी हव्यात, म्हणजे साठ-सत्तर भेटींचं वेळापत्रक. दुभाष्या लागतो. आदल्या रात्री दोन भेटी रद्द होतात. आणि खरं काम शिष्टमंडळ विमानात बसल्यावर सुरू होतं : कोणी कोणाला नमुना पाठवला, कोणी उत्तर दिलं नाही, कुठे बोलणी अडली. हा पाठपुरावा करणारी माणसं फार थोडी असतात, आणि पुढे तीच वर जातात, हे मी वारंवार पाहिलंय.

याशिवाय कागदपत्रं. माल कोणत्या देशात तयार झाला याचा दाखला देण्याचा अधिकार अनेक देशांत वाणिज्य मंडळांना असतो. प्रदर्शनासाठी यंत्र किंवा नमुने तात्पुरते परदेशी न्यायचे असतील तर एटीए कार्नेट लागतं. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारातून ते आलं आणि त्यावर एक वर्षापर्यंत शुल्क न भरता माल नेऊन परत आणता येतो. हे काम कंटाळवाणं वाटेल. पण कस्टम्समध्ये अडकलेला एखादा खोका तू सोडवलास, तर तो व्यापारी तुझं नाव विसरणार नाही.

आता अवघड भाग. मंडळाच्या एकाच समितीत एकमेकांचे स्पर्धक बसतात. एकाने विश्वासाने सांगितलेली किंमत दुसऱ्यापर्यंत चुकूनही जाता कामा नये. आणि बैठकीत त्यांनी आपसात भाव ठरवायला सुरुवात केली, तर ती चर्चा तिथल्या तिथे थांबवायची जबाबदारी सचिवालयाची. स्पर्धा कायद्याचा भंग तुमच्या छताखाली होऊ द्यायचा नसतो. सर्वांत मोठा सदस्य समोर बसलेला असताना ‘यावर इथे बोलता येणार नाही’ असं शांतपणे म्हणता यायला हवं. दोन सरकारांचं बिनसलं की दोन्हीकडून विचारणा होते, ‘तुम्ही नक्की कोणाचे?’ अशा वेळी आवाज न चढवता, कोणालाही खोटं न सांगता दार उघडं ठेवायचं असतं. या पदाचं वजन मला इथेच दिसतं.

काही गोष्टी तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. ही कार्यालयं लहान असतात. वर जायच्या पायऱ्या थोड्या, म्हणून अनेक जण पाच-सात वर्षांनी उद्योगात जातात आणि काही जण पुढे प्रमुख म्हणून परततात. तो मार्ग वाईट नाही. दुसरं, जेट्रो आणि कोट्रासारख्या सरकारी संस्थांत परदेशातल्या कार्यालयाचा प्रमुख सहसा मुख्यालयातून पाठवला जातो. तिथे स्थानिक कर्मचारी म्हणून लागलीस तर कितीही चांगलं काम केलंस तरी ती खुर्ची मिळणं कठीण. म्हणून मुलाखतीत नम्रपणे जरूर विचार : मागचे तीन प्रमुख कुठून आले होते? या एका उत्तरात तुझं भविष्य बरंचसं दिसेल.

एमबीए की एमए? खरं सांगायचं तर या दोन्हींपैकी एकही पदवी तुला ते दार उघडून देणार नाही. एमएने देश समजतो, एमबीएने कंपनी समजते. मालाचा व्यवहार दोन्हींतून थोडाच कळतो. म्हणून पदवीनंतर आधी दोन-तीन वर्षं माल जिथून हलतो तिथे काम कर : निर्यातदार कंपनी, मालवाहतुकीची व्यवस्था करणारी फॉरवर्डर कंपनी, किंवा आयात-निर्यातीचे पैशाचे व्यवहार सांभाळणारा बँकेचा ट्रेड फायनान्स विभाग. हो, बँक! आईबाबांशी भांडायची गरज नाही. लेटर ऑफ क्रेडिटचे, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने विक्रेत्याला दिलेल्या पैशाच्या हमीचे, कागद रोज तपासणाऱ्या माणसाला, परदेशी व्यवहार कुठे आणि का फिसकटतो हे जितकं कळतं, तितकं परिषदांत भाषणं ऐकणाऱ्याला कळत नाही. खर्च आणि जोखीम विक्रेत्याची कुठवर आणि खरेदीदाराची कुठून, हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संज्ञा म्हणजे इन्कोटर्म्स. त्यांच्या २०२०च्या आवृत्तीत अकरा संज्ञा आहेत. कोणत्या टप्प्यावर मालाची जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे जाते, हे त्या अकराही संज्ञांबाबत तुला न अडखळता सांगता आलं पाहिजे. पदव्युत्तर शिक्षण त्यानंतर घे. तोवर कोणतं घ्यायचं हे तुझं तुलाच कळलेलं असेल.

भाषा मात्र आजपासून. आणि इथे मी पहिल्या मुद्द्यावर येते. कोणती भाषा, हे सांगायला मला तो देश माहीत हवा. ‘आंतरराष्ट्रीय व्यापार’ नावाचा कुठलाही देश नाही. द्विपक्षीय संस्थेत दोनच देश असतात, आणि त्यातला दुसरा तुला असा माहीत हवा की तिथलं वर्तमानपत्र तू त्यांच्या भाषेत वाचशील, त्यांच्या सुट्ट्या कधी ते तुला ठाऊक असेल, होकार आणि सौम्य नकार यातला फरक फोनवरच्या आवाजातून ओळखशील. युरोपीय भाषा असेल तर बी२ पातळीच्या (सहा पायऱ्यांपैकी चौथी) आत थांबू नकोस. जपानी असेल तर एन२पर्यंत (जपानी भाषा परीक्षेची वरून दुसरी पातळी) जा. याला तीन-चार वर्षं लागतात, म्हणून पदाच्या आधी देश निवडायचा.

तो निवडण्यासाठी एक काम देते. जिनिव्हात १९६४ साली स्थापन झालेलं आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्र ‘ट्रेड मॅप’ नावाची माहिती पुरवतं. नोंदणी करून ती पाहता येते. कोणता देश कोणता माल कोणाला किती विकतो, हे त्यात वर्षागणिक दिसतं. तुझ्या मनात असलेले दोन-तीन देश घे. प्रत्येकासाठी असा एक माल शोध, जो आपला देश जगाला भरपूर विकतो आणि तो देश जगाकडून भरपूर घेतो, पण आपल्या दोघांमध्ये मात्र त्याची देवाणघेवाण नगण्य आहे. मग त्याचं कारण शोध. शुल्क जास्त आहे? मानक वेगळं आहे? वाहतूक महाग पडते? की कोणी कधी विचारलंच नाही? आठवडाभर लागेल, जास्तही लागेल. ज्या देशाच्या बाबतीत तुला रात्री उशिरापर्यंत जागून शोधत राहावंसं वाटेल, त्या देशाचं नाव, तो माल आणि तुला सापडलेलं कारण मला लिहून पाठव. भाषेच्या वर्गाचं आणि पहिल्या नोकरीचं तेव्हा नेमकं बोलू.